दिवसातून पाच चुळा

शिवणवाल्या बाईच्या तोंडात सदा टाचण्या, म्हणून ती बोलत नाही, असा गिऱ्हाइकांचा समज होता. सोयीचा होता, म्हणून तिनं तो राहू दिला. गळ्याचं माप घेताना मात्र ती श्वास कोंडून धरायची.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला होता, "तोंडाला वास येतो तुझ्या." बस्स, एवढंच. तेव्हापासून पंचवीस वर्षं ती त्या जळजळीत निळ्या औषधानं चुळा भरत होती. दिवसातून पाच. लेक गळ्यात पडली तरी ही आधी तोंड फिरवायची, मग मिठी.

जिभेची चव गेली. पोट कायमचं रुसलेलं, दोन घास खाल्ले की नगारा. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"पाच वेळा?"

"कमी पडतं का?"

"अहो, तोंडात गुणाचे जंतूही असतात. पालेभाजीतलं सत्त्व पोटाच्या, रक्ताच्या कामी लावतात. तुम्ही चोरासोबत राखणदारही मारलेत! पोटाचं सगळं यानंच झालं, असं छातीठोक नाही सांगत. पण बंद करा. आणि वास म्हणाल, तर इतकी जवळ बसलेय मी. काही नाही."

तिनं बाटली बंद केली. महिन्याभरात दुधाला चव आली, पोट हलकं झालं. भीती तेवढी जाईना. ज्यानं म्हटलं, त्यालाच विचारायला हवं होतं.

"अहो, अजून येतो का वास?"

"कसला?"

"माझ्या तोंडाचा. तुम्हीच म्हणाला होतात, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी."

तो नखं कापत होता. "मी? काय की बुवा. गंमत केली असेल. तू पण ना, काय काय धरून बसतेस!"

गंमत! उचलली जीभ, लावली टाळ्याला. जन्म गेला तो दुसऱ्याचा, ह्यांच्या बापाचं काय गेलं?

संध्याकाळी नोकरीच्या गावाहून लेक आली. आज आईनं तोंड फिरवलं नाही. दोन्ही हातांत लेकीचा चेहरा धरून ती मुका घ्यायला पुढं झाली. लेक झटकन मागं सरली, तोंडावर हात.

"थांब आई, आधी चूळ भरून येते."

"कशाला गं?"

"वास येतो ना माझ्या तोंडाला. लहानपणापासून."

"कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? मी जवळ आले की तू तोंड फिरवायचीस."

लेकीनं पिशवीतून निळी बाटली काढली. अर्धी संपलेली.