चैत्र शुद्ध द्वितीयेपासून

मालनच्या वेणीत एक अक्षत अडकली होती. कुंकवाने अर्धी लाल झालेली, अर्धी पांढरीच राहिलेली – मालन पाटीवर वाकून तेराचा पाढा लिहीत होती आणि तिचं डोकं हलेल तशी ती अक्षत पेडांच्या आत सरकत होती, पुन्हा वर येत होती, पडत मात्र नव्हती. सगुणा मागे उभी होती. पाढा बघायला म्हणून आली होती आणि बघत होती भलतंच. तो दाणा काढून टाकावा असं मनात येऊन तिने हात पुढे केलाही, पण मधेच थांबली... काढून काय होणार होतं? खिडकीबाहेर टाकला तर चिमण्या खातील, एवढंच. राही काही परत येऊन तिसऱ्या तरटावर बसणार नव्हती.

‘‘बाई, राहीच्या लग्नाला आम्ही सगळ्या गेलो होतो,’’ मालनने पाटीवरून डोकं न उचलता सांगितलं. बाईंना कळायला हवं म्हणून सांगितलं, एवढंच. शिमग्यापासून मुली हे असंच सांगत आल्या होत्या. कोणाला कांजिण्या आल्या म्हणून सांगावं तसं. चार-आठ दिवस गेले की एक मुलगी दिसेनाशी व्हायची, तरटावर एक जागा मोकळी पडायची, दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची ऐसपैस मांडी घालून बसायची. हजेरी घेताना सगुणा त्या नावांशी किंचित अडखळे, पण नाव गाळत नसे. आजही तिने ‘राही’ म्हटलं होतं, आणि उगाच, कानाची खोड म्हणून, उत्तराची वाट पाहिली होती.

आज मंगळवार, पहिली एप्रिल. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं आजपासून गुन्हा होता. या कायद्याला पाठिंबा म्हणून दोन वर्षांपूर्वी सगुणा अंगठे गोळा करत हिंडली होती – भाट्याची खाडी तरीतून ओलांडून पार पावसपर्यंत, पायात वहाण, काखोटीला कागदांची सुरळी आणि शाईचं फडकं. बायका दाराआडून अंगठा पुढे करत, मग तो राखेने घासून घासून पुसत, घरच्यांना दिसू नये म्हणून. एका आप्पांनी तर माडाखाली उभं राहून तिचा असा उद्धार केला होता की झाडावरचा रेंदेर माडी काढायची थांबवून ऐकत राहिला. ‘नवऱ्याने टाकलेली, ही आमच्या लेकींचं बघणार!’ तेव्हा ती हसली होती. खरंच हसली होती. त्या दिवसांत अंगात असं काही बळ होतं की शिवीसुद्धा प्रसादासारखी घ्यावी.

टाकलेली, हे खरंच होतं. चौदाव्या वर्षी तिचं बाळंतपण झालं, मूल गेलं, तीही जाता जाता राहिली. पुन्हा मूल होणार नाही असं सुईणीने सांगितल्यावर नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि वडिलांनी तिला पुण्याला मास्तरीण व्हायला धाडलं. हे सगळं ती सभेत सांगे. एकदम सरळ, आवाज न चढवता सांगे, आणि बायकांच्या डोळ्यांना पदर लागत.

शाळा सुटली. मुली गेल्या. कौलांतून येणारं ऊन रिकाम्या तरटांवर पडलं होतं आणि सगुणा टेबलाशी बसून संध्याकाळच्या भाषणाचा कागद वाचत होती. ‘आजचा दिवस आपल्या लेकींच्या...’ इथपर्यंत येई आणि पुन्हा वर जाई. वाचनालयाच्या दिवाणखान्यात महिला मंडळाची सभा होती, कायदा लागू झाल्याच्या आनंदाची. तिथे तिचा सत्कारही होणार होता. कशाबद्दल, तर हस्तपत्रकाबद्दल.

ते पत्रक...

मजकूर मंडळाच्या वकिलीणबाईंनी केला होता, कलमं त्यांच्या यजमानांनी तपासली होती. सगुणाने एकच सुधारणा सुचवली. एप्रिलची पहिली तारीख आपल्या बायकांना काय कळणार? त्यांचे महिने चैत्र-वैशाख. त्यांच्या मितीने सांगू या. तिने स्वतः पंचांग उघडलं, बोट फिरवलं – चैत्र शुद्ध द्वितीया. पाडव्याचा दुसरा दिवस! किती सोपं, लहान पोरही विसरणार नाही. ‘चैत्र शुद्ध द्वितीयेपासून’ हे शब्द ठळक टायपात घ्यायला लावले ते तिनेच, आणि घरोघरी जाऊन, चुलीपाशी बसून, पुन्हा पुन्हा सांगितलं तेही तिनेच. पाडव्यापर्यंत चालेल, दुसऱ्या दिवसापासून नाही. बायका माना डोलवत. आपलं म्हणणं पोचतंय म्हणून तिला किती बरं वाटे... स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. ते आता कशाला नाकारू?

एप्रिल आपला सरकारी कागदात पडून राहिला असता. लोकांना वर्ष-सहा महिन्यांनी, कोणाला तरी दंड झाल्यावर, कळलं असतं की असा काही कायदा आहे. पाडवा मात्र घरातला. आणि पाडव्याला मुहूर्त बघावा लागत नाही. तो आख्खा दिवसच मुहूर्त. म्हणजे शेवटची तारीख मी सांगितली, वर मुहूर्तही मीच काढून दिला! भटजींनी तरी आणखी काय केलं असतं?

कागद घडी करून तिने पोलक्यात खोचला आणि छत्री घेऊन मांडवीच्या वाटेला लागली. लग्न झालं ते झालं. पण लेक वयात येईपर्यंत माहेरी ठेवायची रीत होतीच की! अजून तीन-चार वर्षं राहीला आईजवळ राहता येईल, शाळेत येता येईल, सातवीची परीक्षा देता येईल, आणि एकदा परीक्षा झाली की मग पुढे... पुढचं सगळं सगुणाने कधीच ठरवून ठेवलं होतं, कोणाला न सांगता. मांडवीतली पहिली मास्तरीण. बोलायचं फक्त राहीच्या आईशी, हौसाशी. हौसा ऐकेल. ती चालता चालता वाक्यं जुळवत होती, आणि पायांखाली जांभ्याची वाट एवढी तापली होती की वहाणांतूनही चटके बसत होते.

झापांचा मांडव अजून उभा होता. राहीचा बाप, धाकू, पडवीत तोंडावर उपरणं घेऊन झोपला होता. मुंबईला गोदीत कामाला असलेला हा माणूस वर्षातून एकदा शिमग्याला येई आणि पालखी देवळात बसली की परत जाई, या खेपेस मात्र लग्नासाठी रजा वाढवून राहिला होता. हौसा लगबगीने बाहेर आली. काल केवढी वाट बघितली, तुमचं ताट वेगळं काढून ठेवलं होतं, असं म्हणत तिने पाट मांडला, पाणी दिलं, गूळ दिला आणि समोर बसून सगुणाच्या दोन्ही पायांना हात लावला. सगुणाने पाय ओढून घेतले.

‘‘हे काय, हौसा?’’

‘‘तुमचे उपकार हायत, बाई. गुहागरच्या लोकांशी दोन वर्सांनी करायचां ठरलेलां. राहीनं तुमचा कागद वाचून दाखवलान, तवा कळलां. तुमी सांगितलां नसतांत तर आमी आपली बसलो असतो गाफील.’’

मग तिने सगळं सांगितलं. शिमग्याची पालखी अंगणात आली होती, आळीतली माणसं जमली होती, तेव्हा कोणीतरी म्हटलं, मास्तरीणबाईंनी काय कागद दिलाय तो वाचा तरी. वाचणार कोण? राहीने वाचला. उभं राहून, न अडखळता, खणखणीत. ठळक शब्दांवर जरा जोर देऊन, कारण तसा द्यायचा असतो हे बाईंनी शिकवलं होतं. धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे पोरीचं वाचणं ऐकून. आणि त्याच आठवड्यात तो गुहागरला जाऊन आला.

सगुणा ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहिलं – गुलाल, ढोल खाली ठेवलेले, आणि मध्ये दहा वर्षांची पोर कागद दोन्ही हातांनी धरून... ती कशी उभी राहिली असेल, तेही दिसलं. टाचा जुळवून. तेही मीच शिकवलेलं.

जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. तिने कसंबसं विचारलं की आता राहीला इथेच ठेवाल ना, मोठी होईपर्यंत. हौसाची नजर खाली गेली. तिच्याही मनात तेच होतं. पण घाई मुलीकडच्यांची, म्हणून अट मुलाकडच्यांची. सासू संधिवाताने धरलेली, पोफळीची वाडी मोठी, सुपारी सोलायला हात हवेत; लवकर करतो तर मुलगीही लवकर द्या, असं ठरलं होतं. उद्या सकाळच्या मचव्याने सासरचे तिला नेणार होते.

‘‘आणि परत?’’

‘‘बघू. गणपतीला धाडतील.’’ हौसाने गूळ सगुणाकडे सरकवला. ‘‘दोन वर्सां माज्याजवळ ऱ्हायली असती, बाई,’’ ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. सगुणाने तिच्या चेहऱ्यात तक्रार शोधली, अगदी कसून शोधली, पण ती बाई फक्त आपलं दुःख सांगत होती, घरच्या माणसाला सांगावं तसं.

तेवढ्यात राही आतून आली. लुगडं तिला फार मोठं झालं होतं, कमरेला त्याचा बोचकाच झाला होता. कानांच्या पाळ्यांमागे हळद राहिली होती आणि हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून ती त्या पुन्हा मनगटावर येऊ देत होती, त्यांचा आवाज व्हावा म्हणून. खुशीत होती. बाईंना बघून आणखी खूश झाली.

‘‘बाई, माझं नाव आता काशी. तांदळात लिवायचां होतां, त्यांना येयना. मग मीच लिवलां. सगळी माणसां बघत होती.’’

‘‘शाबास,’’ सगुणा म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? ती त्या बांगड्यांकडे बघत राहिली. नवव्या वर्षी तिच्याही हातांत अशाच होत्या. तीही अशीच वाजवत फिरली होती, घरभर, चुलत्यांना, शेजाऱ्यांना दाखवत. अंतरपाटाच्या खालून नवऱ्याचे पाय बघून तिला हसू आवरेना, आणि रात्री बापाच्या खांद्यावर झोपली तेव्हा जगात आपल्याइतकं लाडकं कोणी नाही असं तिला वाटलं होतं. सुखाचा होता तो दिवस. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा असेल कदाचित. हे तिने कुठल्याच सभेत कधी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वर्षाचं सांगायची, नवव्याचं गाळायची. सांगितलं असतं तर एखादीला कळलं असतं का, की पोर हसते म्हणून फसू नका... की उलटंच झालं असतं? आता काय कळायचं.

‘‘तुमी काल का नाय आलात?’’

‘‘काम होतं गं.’’

काम नव्हतं. काल दिवसभर ती दार लावून घरात बसली होती. आदल्या दिवशीच आमंत्रणाची अक्षत आली होती. तेव्हाच धावत यायला हवं होतं, मांडवात उभं राहून ओरडायला हवं होतं, आणि ती भाषण लिहीत बसली. लोक चिडतील याची भीती नव्हती तिला, त्याची सवय होती. आभार मानतील याची होती.

‘‘बाई, गुहागरला मुलींची शाळा हाय ना?’’

‘‘आहे,’’ सगुणा म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं.

निघताना हौसाने तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. सगुणाने पदर पुढे केला. राही वाटेपर्यंत पोचवायला आली, लुगडं दोन्ही हातांनी उचलून धरत, आणि मग पायरीशी आईने हाक मारली म्हणून मागे वळली. नव्या नावाने हाक मारली होती; तिच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

दिवाणखाना भरला होता. सतरंज्या कमी पडून बायका ओसरीतही बसल्या होत्या. एवढी गर्दी मंडळाच्या सभेला कधीच झाली नव्हती. वकिलीणबाई छान बोलल्या. कायद्याची मिती देण्याची कल्पना सगुणाबाईंची, तिच्यामुळे हा कायदा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात माहीत झाला, असं त्या म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या. त्या मनापासून म्हणत होत्या, त्यांचा काय दोष? सगुणाच्या गळ्यात हार आला. ओल्या फुलांनी मान गार झाली.

‘‘बोला, सगुणाबाई.’’

ती उभी राहिली. कागद हातात होता, पहिलं वाक्य पाठ होतं. समोर पुढच्याच रांगेत येसूबाई बसली होती. हिची लेक फाल्गुनात लग्न होऊन गेली. तिच्या पलीकडे सोनूबाई. हिची धाकटी तर आठवीत... म्हणजे आठव्या वर्षात. कोपऱ्यात मालनची आई, मांडीवर मालन. आणि आणखी कितीतरी, जिच्या तिच्या चुलीपाशी सगुणा बसून आली होती, जिला तिला तिने तो दिवस नीट समजावून दिला होता. बायका पदर सावरून, बोलणं थांबवून तिच्याकडे बघू लागल्या.

एकीने तरी आता उठावं, असं तिला वाटलं. उठून सगळ्यांदेखत विचारावं, बाई, हे तुम्ही काय केलंत? मग मला उत्तर देता येईल. नाही देता आलं तर मान खाली घालता येईल, रडता येईल. आपण होऊन बोलायला जीभ वळत नव्हती. कोणीतरी विचारायला हवं होतं. आजवर तिने साऱ्या जगाला जाब विचारला होता, तिला मात्र कोणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्याची एवढी गरज पडेल हे तिला ठाऊक नव्हतं.

ती थांबली. बराच वेळ थांबली. येसूबाईने मान डोलावून तिला धीर दिला – बोला, बाई, बोला. कोणी उठलं नाही. सगळ्याजणी मोठ्या मायेने तिच्याकडे बघत होत्या.