थोरलीचं ताट

गल्लीत तिला सगळे साखरताई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणि औषधाची कार्डं. आरोग्य केंद्राची ही सेविका दर मंगळवारी दुपारी बारा वाजता मधुमेह असलेल्या बायकांना शिवणवर्गाच्या खोलीत जमवायची.

"साखरताई आली, चहा फिका झाला!" कुणीतरी म्हणायचं आणि खोली हसायची.

त्या मंगळवारी थोरलीचं कार्ड पाहून ताईचा ऊर भरून आला. कोपऱ्यावरच्या घरातली ही मोठी सून. महिनाभरात एकही गोळी चुकली नव्हती, रोज अकराला. पण बोट टोचलं तर आकडा आला अठ्ठावन्न, साखर फारच उतरलेली. थोरलीचे हात थरथरत होते, कपाळ घामानं भिजलं होतं.

ताईनं घाईघाईनं तिच्या तोंडात साखर घातली. "गोळीवर जेवली नाहीस?"

"एवढ्यात?" जरा सावरल्यावर थोरली हसली. "आधी मामंजी, मग भाऊजी, मग हे कामावरून येणार. मग सासूबाई. मग धाकटी आणि मी. तीन वाजतात, ताई."

ताईनं कार्ड पुन्हा हातात घेतलं. कार्डावर गोळीसाठी चौकट होती, जेवणासाठी नव्हती. सगळ्यांकडून 'गोळी अकराला' हे तिनंच घोकून घेतलं होतं. जेवता कधी, हे एकीलाही विचारलं नव्हतं.

ती तशीच थोरलीबरोबर घरी गेली. सासूनं सगळं ऐकून घेतलं.

"पुरुषांआधी सून ताटावर बसली तर लोक तोंडात शेण घालतील. चाळीस वर्षं मी मागूनच जेवले. मेले का?"

"पण आई, हिला साखर आहे."

"मग गोळी मागं न्या की. जेवण कशाला पुढं आणता?"

आत सासऱ्यांनी ताटावर वाटी आपटली. जास्त ताणलं तर गोळीच बंद होईल, अशी ताईला भीती वाटली. तिनं कार्डावरचे अकरा खोडून तीन लिहिले.

"बरं केलंत," थोरली दारात कुजबुजली. "घरात वाद नको."

तीन आठवडे आकडे बरे आले.

चौथ्या आठवड्यात थोरलीचा नवरा दोन सोबत्यांना अचानक जेवायला घेऊन आला. पुढचं सगळं धाकटीनं ताईला नंतर सांगितलं. तीन वाजले तशी थोरलीनं गोळी घेतली होती. पातेल्यात तिच्यापुरता भात होता, तो पाहुण्यांच्या ताटात गेला. ती पुन्हा शेगडीपाशी उभी राहिली. दिरानं पाणी मागितलं, तर तिनं मीठ नेऊन ठेवलं.

"प्यायली की काय ही?" नवरा म्हणाला. सगळे खो खो हसले.

मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"सासूबाई, जाऊबाई बोलत नाहीत."

"थकली असेल. पडू दे घटकाभर. आधी त्यांचं वाढ."

ताईला बोलावणं आलं तेव्हा सहा वाजून गेले होते. यंत्रावर आकडा उमटेना, इतकी साखर उतरली होती. तिनं थोरलीच्या गालाच्या आत साखर चोळली, हाका मारल्या, गाडीत घालून इस्पितळात नेलं. जीव वाचला. पण मेंदू फार वेळ उपाशी राहिला, असं डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या गोळीनं घात केला, बाई," सासरे व्हरांड्यात ओरडले.

"गोळीची वेळ मीच बदलली," ताई म्हणाली. "त्या दिवशी हिला जेवायला बसवल्याशिवाय मी तुमच्या घरातून उठायलाच नको होतं."

महिन्यानं थोरलीला घरी आणलं. डोळे उघडे, ओळख कुणाचीच नाही. ताई गेली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सासू खाटेशी बसून तिच्या नाकातल्या नळीत पातळ अन्न सोडत होती.

"हिचं झाल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही आता," सासू म्हणाली. "डॉक्टरांनी वेळ बांधून दिलीय." आणि तिला हुंदका आवरेना.

पलीकडे धाकटी सासऱ्यांचं ताट मांडत होती.

"तू जेवलीस?" ताईनं विचारलं.

धाकटीनं सासऱ्यांच्या ताटाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

ताईनं फळीवरचं दुसरं ताट काढलं, त्यात भात वाढला. "बस."

"बाई, ही आमच्या घरची रीत..." सासरे उठून उभे राहिले.

ताई स्वयंपाकघराच्या दारातच मांडी घालून बसली. "ही जेवेपर्यंत मी हलत नाही. हवं तर उचलून बाहेर टाका."

धाकटीचा हात ताटाकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिनं सासूकडे पाहिलं. सासू नळी धरून बसली होती. ती ना हो म्हणाली, ना नाही.