न्हाणीमागचा वेल

चतुराबाईच्या घरात पाणी एकदा आलं की त्याची लवकर सुटका नसे. अंघोळीला बसायचं ते परातीत. परातीतल्या पाण्यात धुणं निघायचं, धुण्याच्या पाण्यात सारवणाचं शेण कालवलं जायचं, आणि त्यातूनही उरेल ते न्हाणीमागच्या दुधी भोपळ्याच्या वेलाला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. तोंड लावून प्यायलं की तांब्या विसळावा लागतो, म्हणून घरात सगळे वरूनच पीत. नवरा आश्रुबा एकदा पिताना ठसकला, तर त्याच्या नाकातून गेलेल्या पाण्याचीही तिला हळहळ वाटली, असं गल्लीतल्या बाया हसून सांगायच्या. हसू देत बापड्या. त्या साली हसणाऱ्यांच्या घरातले रांजण पालथे पडले होते.

निजामाच्या राज्यातलं ते लागोपाठ दुसरं कोरडं साल. शिरूरच्या अलीकडच्या त्या गावात एकाच बारवेत पाणी होतं, तेही तळाशी. बाया पायऱ्या उतरून वाटीवाटीनं घागर भरत. घरटी रोज दोन घागरी, आणि पाळी ठरवणार गावचा पाटील सुंदरराव.

त्या दोन घागरींतला एक तांब्या चतुराबाई रोज काढायची आणि माजघरातल्या रांजणात ओतायची. चाळीस दिवस तिनं हे केलं. लेक सत्यभामा पहिल्या बाळंतपणाला चौसाळ्याहून आली होती, आणि तिच्या सासूनं पाठवताना चारचौघांत सुनावलं होतं, "तुमच्या गावाला पाणी न्हाई म्हणं. माझ्या नातवाला धुळीनं न्हाऊ घालू नका." ते चतुराबाईच्या काळजात रुतलं होतं. रोज अर्धी घागर धरली तर बारा दिवस बाळ-बाळंतिणीला कढत पाण्याचं न्हाण होईल, असा तिचा हिशेब होता.

त्याच दिवसांत वेलाला पहिला दुधी लागला. पहिलं फळ पाटलाच्या घरी द्यायचं आणि मगच आपल्या तोंडी लावायचं, ही गावाची रीत.

"ह्या साली नगं," आश्रुबा म्हणाला. "सगळं वाळल्यावर हिरवं डोळ्यात येतं."

"रीत मोडली तर उद्या आपली पाळी मोडंल," चतुराबाई म्हणाली, आणि दुधी पदराखाली धरून स्वतः पाटलाकडं गेली.

पाटलानं दुधी हातावर तोलून पाहिला. "लई कोवळा हाय. काय पाजती गं ह्याला?"

इथं गप्प बसायचं होतं. पण जन्मभर हसू करून घेतलेल्या बाईला कुणीतरी कौतुकानं विचारत होतं. "आमच्या घरात थेंब वाया जात न्हाई, मालक," ती म्हणाली. पाटील हसला, आणि चतुराबाई घरापर्यंत खुशीत आली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. साचलेलं तळं कुणाच्या घशात जातं, ते मात्र म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी सत्यभामा बाळंत झाली. मुलगी झाली. दोन दिवस मायलेकींना कढत पाण्यानं न्हाण मिळालं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच गावाबाहेर चिंचेखाली दौऱ्यावरच्या तहसीलदाराचा डेरा पडला. दुपारच्या आत पाटील चतुराबाईच्या दारात उभा. मागं त्याचा गडी बिभीषण, आणि कावडी घेतलेले आणखी दोघं.

"साहेबाच्या अंघोळीला अन घोड्याला पाणी पायजे," पाटील म्हणाला.

"घरात बाळंतीण हाय, मालक. पाणी कुठलं?"

"सगळा गाव करपलाय, अन तुझा वेल तेवढा हिरवागार. वेल येवढं पाणी पितो, अन साहेबाला म्हणलं की न्हाई?"

"त्यो आमच्या धुण्याचं पाणी पितो."

"धुण्याला पाणी हाय म्हंजी घरात पाणी हाय. आश्रुबा, रांजण हाय का न्हाई?"

आश्रुबाची नजर माजघराकडं गेली. खोटं बोलायला जीभ सवयीची लागते, ती त्याच्याकडं नव्हती.

चतुराबाईनं शेवटचं म्हणून पाहिलं. "सोयेराचं घर हाय, मालक. इटाळाचं पाणी कसं नेता?"

एरवी सोयेर असलेल्या घरापुढनं जाताना सुंदरराव धोतर आवरून घ्यायचा. आज म्हणाला, "घोड्याला कसला आलाय इटाळ!" आणि माणसं आत शिरली. रांजणाच्या तळाशी दोन तांबे गढूळ पाणी राहिलं.

उन्हं कलल्यावर चतुराबाई रिकामी घागर घेऊन डेऱ्याकडं निघाली. भांडायला नव्हे. तिचा विचार साधा होता. साहेब अंघोळ करील, पण पाणी काही अंगात मुरवून नेणार नाही. ते धरलेलं पाणी मिळालं तर त्यात बाळाची दुपटी निघतील, आणि घरच्या दोन घागरींतलं थोडं न्हाणाला वाचेल.

डेऱ्याशी बिभीषण भेटला. "साहेबाच्या अंघोळीचं पाणी कुठं धरलंय?" तिनं विचारलं.

"धरलंय?" त्याला कळेचना. "धरायचं कावून?"

त्यानं डेऱ्यामागं बोट दाखवलं. तिथं उतारावर चिखल झाला होता आणि त्यात एक कोंबडी पाय झाडत उभी होती. डेऱ्यापुढं एक चपराशी घागरीतलं पाणी ओंजळीनं जमिनीवर शिंपत होता. धूळ उडते, म्हणून.

साहेबानं अंघोळ केली याचा तिला राग आला नाही. माणूस आहे, करील. पण येवढी माणसं भोवती असून एकालाही खाली परात ठेवायचं सुचलं नाही, याचा तिला संताप आला. तिचे चाळीस दिवस त्या चिखलात पडले होते, आणि त्यावर साधी कोथिंबीरसुद्धा उगवणार नव्हती.

घरी येऊन तिनं रांजणातला एक तांब्या गाळून तापवला आणि फडकं बुडवून नात पुसून काढली.

"आई, आज येवढंच?" खाटेवरून सत्यभामानं विचारलं.

"येवढंच."

मग तिनं विळा घेतला, न्हाणीमागं गेली आणि वेल बुडातून कापला. वेलावर दुधीच्या पाच कळ्या होत्या. त्या तिनं मोजल्याही नाहीत.

सकाळी बिभीषण आला. ती दारात दुपटी धूत बसली होती. "साहेबाला भाजीला दुधी पायजे. पाटलांनी सांगितलंय, चतुराबाईकडं मिळंल," म्हणत तो न्हाणीमागं गेला, आणि तसाच परत आला. "आरं देवा! येवढा हिरवा वेल, कावून तोडला?"

"लई पाणी पीत होता," चतुराबाई म्हणाली. तिनं दुपटी पिळून बाजूला ठेवली, उठली, आणि परातीतलं पाणी त्याच्यादेखत गल्लीत ओतून दिलं.