सगळ्यांना पुरेल इतकी जागा

ऑफिसात त्याला सगळे कर्ण म्हणत, कारण जागा मागणाऱ्याला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. सर्व्हर रूममध्ये डिस्कांची पेटी एकच. तिच्यातून तो लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे नावापुरते तुकडे, पाडायचा आणि नेटवर्कवरून एकेका व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे आभासी संगणकाला, जोडून द्यायचा. मशीनला वाटायचं, ही डिस्क माझ्याच पोटात आहे. पेटीत होती त्याच्या तिप्पट जागा त्यानं अशी वाटून टाकली होती. दिलेली जागा कोणी पुरती वापरत नाही, हे त्याचं ब्रह्मज्ञान.

तेच त्यानं घरीही चालवलं. मागची खोली एकच. ती त्यानं त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीला म्हातारपणासाठी देऊ केली होती, आणि एका लग्नात गप्पांच्या भरात काकांनाही. दोघांची घरं धडधाकट होती. येतंय कोण? बायकोनं हटकलं तेव्हा म्हणाला, वचने किं दरिद्रता.

मग एका दुपारी नकाशा विभागानं जुने नकाशे स्कॅन करून भरायला घेतले आणि पेटी शिगोशीग भरली. सगळी मशीन्स थिजली. प्रत्येक मशीन सांगत होतं की माझी डिस्क निम्म्याहून रिकामी आहे, आणि एक अक्षर लिहू शकत नव्हतं. पुलाचे नकाशे संध्याकाळी पाठवायचे होते आणि साहेब दारात उभे होते. घाम पुसत कर्णानं कपाटातली सुटी डिस्क आणली, पेटीत खोचली, साठ्यात मिळवली. कामं पुन्हा सुरू झाली. साहेबांनी वर पाठ थोपटली, तेव्हा तो ओशाळला, पण घर येईपर्यंतच.

मागच्या खोलीत पलंगाच्या एका टोकाला मावशी बसली होती, दुसऱ्या टोकाला काका, आणि मध्ये दोघांच्या बॅगा.

"खोली माझीच ना रे?" मावशीनं विचारलं.

इथं जोडायला कपाटात सुटी खोली नव्हती. मावशीच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

"मावशी, खोली एकच आहे. मी दोघांनाही देऊन बसलोय. तुमच्यापैकी कोणी येणार नाही असं धरून चाललो होतो."

मावशी रागावली नाही. ती चष्मा पुसत बसली. बोलले ते काका.

"मी आधी यांच्याकडेच गेलो होतो. कधीही या, वरचा मजला तुमचाच, असं म्हणाल्या होत्या. गेलो तर दाराला कुलूप, आणि वर नुसती गच्ची."

"तुम्ही खरंच निघालात म्हटल्यावर मी तरी काय करणार?" मावशी पुटपुटली.

आपलं ब्रह्मज्ञान कोणाच्या हातचं खाऊन अंगी लागलं, ते कर्णाला आत्ता कळलं. खूप दिवसांनी तो पोटभर हसला. मग त्यानं खोली मावशीला दिली, स्वतःचा पलंग काकांना दिला आणि बायकोसाठी नि आपल्यासाठी हॉलमध्ये गादी घालायला घेतली. यापुढे असेल तेवढंच द्यायचं, असं तो ठरवत होता, तेवढ्यात बायको फोन घेऊन आली.

"माझ्या आईचा आहे. तू तिला कबूल केलेली मागची खोली झाडून ठेवलीस का, विचारतेय."