विरुद्ध बाजूचा ढोल

"सूनबाई, पोरीला ढोलावर झोपायची सवय लावू नकोस. उद्या ढोल नसला तर काय करशील?" सासूबाई एदुविखेस यांनी बजावलं होतं. सुनिल्दा हसली. "आई, ढोल आपल्याच क्लबचा. तो कुठे पळून जातोय?"

तान्ही आराई ढोलाच्या दणदणाटात गाढ झोपायची. घरच्या शांततेत मात्र डोळे टक्क उघडे.

आज सुनिल्दाच्या ताकुआरा फुटबॉल क्लबचा मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी बायकांच्या पहिल्या श्रेणीत टिकणार, हरलं की खाली. बाळंतपणानंतर सुनिल्दा पहिल्यांदाच गोलमध्ये उभी राहणार होती. कधीकाळी याच लीगसाठी क्लबच्या पोरी गुरं हाकून मैदान मोकळं करायच्या, पुरुषांच्या ढगळ जर्सी घालून खेळायच्या. आता राजधानी आसुन्सिओनचं मोठं स्टेडियम, टीव्हीचे कॅमेरे, फाटकावर रक्षक. त्या रक्षकानेच ताकुआराचा ढोल अडवला. परवानगी लागते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजवर ढोल खांद्यावर टाकून नुसतं आत शिरायचं माहीत.

सामना सुरू झाला आणि प्रेक्षकांत आजीच्या मांडीवर आराईने भोकाड पसरलं. हजारो आवाजांत तो एक आवाज सुनिल्दाला ओळखू येत होता. सोपा चेंडू हातातून निसटला आणि खांबाला लागून बाहेर गेला.

"अगं, इकडे बघ!" बचावातली ब्लासिदा ओरडली. "पोर तुझी, पण गोल आपल्या सगळ्यांचा आहे!"

समोरच्या बाजूला प्रतिस्पर्धी कारांदायवाल्यांचा ढोल घुमत होता. त्यांनी परवानगी काढली होती. सासूबाई उठल्या, आणि अंगात ताकुआराची जर्सी तशीच ठेवून नातीला घेऊन थेट शत्रूच्या गोटात शिरल्या.

"काका, जरा वाजवत राहा."

ढोलवाले सिन्फोरियानो चमकले. "मावशी, मी आमच्या पोरींसाठी वाजवतोय हं!"

"वाजवा हो. झोपणाऱ्याला काय कळतंय?"

रडणं थांबलं. ते का थांबलं म्हणून सुनिल्दा पोरीला प्रेक्षकांत शोधू लागली. तेवढ्यात पलीकडून सासूबाईंनी हात हलवून खूण केली, झोपली. मग मात्र तिचे हात चेंडूला चिकटू लागले.

शेवटी शेवटी कारांदायला पेनल्टी मिळाली. आपली पोरगी पेनल्टी मारताना कारांदायवाले ढोल बंद ठेवतात, ही त्यांची जुनी रीत. सिन्फोरियानोंनीही हात थांबवला. आराईने ओठ काढले. सासूबाईंनी काकांकडे असं काही बघितलं, की त्यांचा हात आपोआप चालू लागला. धम, धम, धम.

मारणारी किंचित अडखळली. सुनिल्दा डावीकडे झेपावली. चेंडू पोटाशी!

"सिन्फो, कुणाच्या बाजूचा रे तू?" कारांदायवाले उखडले.

"हळू बोला, पोर उठेल!" काका म्हणाले.

शून्य-शून्य. ताकुआरा टिकलं. मैदानभर बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि आराई घोरत होती.

आता ताकुआराकडे परवानगी आहे, ढोलही आहे. पण रागावलेल्या कारांदायवाल्यांनी काकांचा ढोल काढून घेतला, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सुनिल्दाच्या जिवाला लागून राहिलंय. तेव्हा तुम्ही कधी कारांदायच्या सामन्याला गेलात, तर उन्हाच्या बाजूला गवती टोपी घातलेले एक म्हातारे शोधा. ढोल त्यांच्याकडेच आहे ना, तेवढं बघा. आणि हो, तेरेरेसाठी, म्हणजे तिकडच्या त्या गार पाल्याच्या चहासाठी, त्यांच्या थर्मासात गार पाणी आहे का, तेही विचारा.