बोर्डावरच्या बाईंचं मूल्यमापन

वारसा जपणाऱ्या संस्थांना व्यवसाय शिकवणारं प्रशिक्षण निघालं, तेव्हा बाई पदर खोचून त्यात घुसल्या. संस्था म्हणजे जुन्या टेलिफोन कचेरीतली एक खोली, तिच्यात भिंतभर पसरलेला, अजून चालता असलेला, हातानं फोन जोडून द्यायचा बोर्ड, आणि त्याच्यापुढे उमेदीची वर्षं काढलेल्या दोघी निवृत्त ऑपरेटर: बाई आणि त्यांची नणंद. प्रशिक्षणात जागा एकीलाच होती. नणंदेचं डोकं थंड, बोलणं मोजकं. जायला हवं होतं तिनंच. पण "वन्सं, तुमचे गुडघे..." एवढं म्हणून बाईंनी स्वतःचं नाव देऊन टाकलं. वन्संचे गुडघे ठणठणीत होते.

प्रशिक्षणात बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि जेवणानंतर पहिल्या रांगेतच पेंगल्या. 'तुमचे स्पर्धक कोण?' या प्रश्नाला त्यांनी 'मोबाइल' असं ठणकावून उत्तर दिलं. वर्ग हसला, तेव्हा आपण हुशार आहोत असं त्यांना वाटलं. घरी परतल्या त्या नवे शब्द घेऊन. ताटातल्या भाजीलाही 'हिचं वेगळेपण काय?' असं विचारू लागल्या. वन्संनी बोलणं आवरतं घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. "मीठ द्या", "दिवा घालवा", एवढंच.

एक धडा मात्र बाईंना लागू पडला. दुसऱ्या कुणाकडे नाही ते विका. त्यांनी एक फोन तिकीटखिडकीत ठेवला, एक मागच्या खोलीत. जोडीनं या, दोन टोकांना बसा, मधे बसून बाई बोर्डावर दोरी लावून जोडून देतील. गंमत म्हणून सुरू केलं, पण लोक येऊ लागले. बापलेक, नवराबायको, एका घरात राहून न झालेलं बोलणं भिंतीपलीकडून बोलायचे. कुणी डोळे पुसत बाहेर पडायचं, कुणी शीळ घालत.

वर्ष उलटलं आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला का ते बघायला मूल्यमापन करणारा तरुण आला. वन्संनी खिडकीतून तिकीट पुढे केलं. बाईंनी ते मागे ढकललं. "अहो वन्सं, साहेब आहेत!" आणि त्याला वाजतगाजत आत नेलं. कारण कचेरीनं बजावलं होतं: यानं 'वाया गेलं' म्हटलं, की खोली रिकामी आणि बोर्ड गोदामात. त्या गोदामात गेलेला साधा स्टूलसुद्धा कधी परत आला नव्हता. बोर्ड गेला, तर आपण सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न बाईंना आठवडाभर झोपू देत नव्हता.

"लोकांना यातून काय मिळतं, आजी?"

"बरं वाटतं त्यांना."

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून."

"चेहरा मला अहवालात कसा लिहिता येईल? ते बोलतात काय?"

"मला काय माहीत?"

"तुम्हीच तर मधे बसता!"

"म्हणूनच. जोडलं की कान काढायचा. पहिल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला."

"मग अभिप्राय? प्रशिक्षणात हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे स्टिकर दिले होते ना?"

बाईंनी खुर्ची फिरवली. सगळे स्टिकर पोरांनी खुर्चीच्या पाठीवर चिकटवले होते. बहुतेक रडकेच.

तरुणानं कपाळ चोळलं. "असं करू. तुम्ही एका टोकाला बसा, त्या आजी दुसऱ्या टोकाला. जोडतो मी."

बाईंनी आयुष्यभर जगाला जोडून दिलं होतं. या बोर्डावरून स्वतः कधी बोलल्या नव्हत्या. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, मी बोलतेय."

"कळलं," वन्सं म्हणाल्या. "दुसरं कोण बोलणार?"

समोर तोंड नव्हतं म्हणून असेल, पण बाईंच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, प्रशिक्षणाला तुम्हीच जायला हवं होतं."

"आणि माझे गुडघे?"

"गुडघ्यांना काही झालं नव्हतं हो."

"माहितीय मला. माझेच आहेत ते."

बाई पुढे बोलणार, तोच वन्संचा आवाज बारीक झाला. लाइनवर तिसरा कान आला की आवाज असा खाली जातो, हे बाईंना झोपेतही कळलं असतं. खोली, बोर्ड, गोदाम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. गप्प बसण्यात शहाणपण होतं आणि व्यवसायकौशल्यही.

"कान काढा!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की फोनची गरजच उरली नाही. "मूल्यमापन गेलं खड्ड्यात! आधी कान काढा!"

खट्. आवाज पुन्हा मोकळा झाला.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "गेला बरं का तुमचा बोर्ड." आणि हसतच सुटल्या. हसता हसता म्हणाल्या, "आता उरलेलं तरी बोलून घ्या."

त्या काय बोलल्या, ते दोघींनाच ठाऊक. पण बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा तरुण हेडफोन मांडीवर घेऊन, बाकावर उभं केलेल्या मुलासारखा अवघडून बसला होता.

"काय बोललात?"

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या. बाईंचं नाक लाल होतं, वन्संचे डोळे.

त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि लिहायला घेतलं. बाईंना राहवेना. "वाया गेलं म्हणून लिहिता ना?"

"उपयोग होतो, असं लिहितोय. कशावरून, तर चेहऱ्यावरून. खोली चालू ठेवावी."

बाईंनी आधारासाठी बोर्डाची कड धरली.

"आणि एक." त्यानं पाकीट काढलं. "फुकट कुणाला आत सोडायचं नाही, हा पहिलाच धडा होता, आजी."

"तेव्हा मी जागी होते," बाई पुटपुटल्या.

"म्हणून शिफारस करतोय, या संस्थेला प्रशिक्षण पुन्हा द्यावं. एका व्यक्तीला."

वन्संनी खिडकीतलं तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं. "या खेपेला मी जाणार."

"जा की," बाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत मात्र बसू नका. झोप येते तिथे."