दोन उतारांची घंटा

मित्रांनो, पिरेनीज पर्वताच्या खिंडीत जन्म घालवलेली मी एक जुनी घंटा आहे. गावाने फुटकी भांडी वितळवून मला ओतले, बैलांनी वर ओढत आणले आणि वाटसरूंच्या निवाऱ्यावर मला टांगले.

माझ्या उत्तरेला पडलेला पाऊस फ्रान्समध्ये उतरतो, दक्षिणेचा स्पेनमध्ये. उत्तरेचा उतार हिरवागार. समुद्रावरचे ढग तिकडूनच चढतात. दक्षिणेला कोरडा खडक आणि खोल घळी. धुके दाटले की आपण कुठल्या उतारावर आहोत हेच मेंढपाळाला कळत नाही. चुकीच्या ओढ्यामागे गेला, तर थेट कड्यावरून खाली. तेव्हा आधार फक्त माझा.

निवारा मानेश आणि त्याची बायको गाशुशा सांभाळत. एका शरदात मानेश धुक्यात मेंढ्या शोधायला गेला. तळहात सोलवटेपर्यंत गाशुशाने मला वाजवले. तो आला नाही. बर्फ वितळल्यावर दक्षिणेच्या घळीत त्याची काठी सापडली.

पुढे धुके विरले तरी गाशुशा वाजवायची थांबत नसे. स्पेनकडचा मेंढपाळ एर्रामुन चेष्टेने म्हणे, "वहिनी, ऊन पडलंय की. माझ्या मेंढ्या बहिऱ्या व्हायच्या."

"तुला दिसतंय ना ऊन? मग जा घरी. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी वाजवतेय मी."

गाशुशा म्हातारी होऊन वारली. डोंगराच्या पोटातून बोगदा झाला आणि खिंड ओस पडली. मला खाली गावच्या कचेरीत आणून ठेवले. पोरांनी वाजवू नये म्हणून लोलक काढला. लोक माझ्यावर ओल्या टोप्या वाळत घालू लागले.

एका सकाळी थकलेला एर्रामुन भिजून आत आला. त्याने माझ्यावर हात ठेवला.

"काल धुक्यात हिला वर कुणी नेलं होतं?"

कारकून हसला. "आजोबा, ही इथून हललेली नाही. आणि वाजणार कशी? हिला जीभच नाही."

"मग मला घळीच्या तोंडातून मागे कुणी बोलावलं?" एर्रामुनने माझ्यावरची ओली टोपी उचलून बाजूला ठेवली. "परत टांगा हिला."

"वर आता जातंय कोण?"

"जातंय कोण ते सोड. वर कोण आहे, ते मी ऐकलंय."

मला अजून कुणी हलवलेले नाही. दाट धुक्याच्या दिवशी मी मुकी बसते आणि वरून माझाच आवाज ऐकते. मित्रांनो, मला लोलक द्या, खिंडीत न्या. जिवंतांनी करायचे काम मेलेल्यांवर टाकून निर्धास्त राहू नका.